अदिती पंत अंटार्क्टिकावर कशाला गेल्या होत्या?

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत एक ओळ असतेच: भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेतल्या पहिल्या दोन महिला, अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता. साल १९८३. आपण पाठ करतो आणि पान उलटतो. पण पंत तिथे नेमकं काय करायला गेल्या होत्या? आजचा भाग त्यावरच.

जन्म १९४३, नागपूर. वडील अप्पासाहेब पंत औंधच्या राजघराण्यातले, पेशाने मुत्सद्दी. आई डॉक्टर. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. करताना अॅलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक हातात आलं आणि समुद्रविज्ञानच करायचं हे ठरलं. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाईला गेल्या.

तिथे विषय होता प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा. कडक उन्हात त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाचं काय होतं? शैवालाने बनवलेल्या अन्नातलं जिवाणूंपर्यंत किती पोहोचतं? प्रश्न किरकोळ वाटेल, पण पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं. आणि चमचाभर समुद्राच्या पाण्यात साधारण पन्नास लाख जिवाणू असतात. मासा, कोळंबी, देवमासा, सगळ्यांचा संसार या न दिसणाऱ्यांवर चालतो.

लंडनला पीएच.डी. करून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. ही संस्था १९६६ साली, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर सुरू झालेली. १९७३ नंतरची काही वर्षं त्यांनी वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा पिंजून काढला. म्हणजे अंटार्क्टिकाच्या आधी आपला कोकण! मग १९८३-८४ ची तिसरी मोहीम. 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं स्थानक तेव्हाच उभं राहिलं. १९९० मध्ये त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेल्या. तिथे काम होतं खारं पाणी सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांवर. म्हणजे जागा बदलली, माणसं बदलली, पण धागा तोच राहिला.

मी सॉफ्टवेअरवाला, भिवंडीचा. आपली कामवारी नदी खाडीला मिळते, तिथलं पाणी सगळ्यांना माहीत आहे. सांडपाणी आलं की जिवाणू वाढतात, पाण्यातला ऑक्सिजन खातात, मासे गुदमरतात. फक्त 'पाणी घाण झालं' एवढं म्हणून हे कळत नाही. त्यासाठी कुणीतरी होडीत बसून, पाणी बाटलीत भरून, वर्षानुवर्षं मोजावं लागतं. पंतांनी आयुष्यभर हेच केलं.

आणि त्यांनी ते सांगितलंही. २००८ च्या 'लीलावतीज डॉटर्स' या भारतीय महिला वैज्ञानिकांच्या पुस्तकात त्यांचा स्वतःबद्दलचा लेख आहे, जरूर वाचा. 'पहिली महिला' हा मान मोठाच, पण तो एका दिवसाचा. काम तीसेक वर्षांचं आहे. परीक्षेत नाही विचारलं, तरी आपण लक्षात ठेवू या.

भेटू पुढच्या भागात!