दिनविशेष : ९ डिसेंबर १९४२
डॉ. कोटणीस यांचे चीनमध्ये निधन

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे या दिवशी चीनच्या हेबेई प्रांतातील एका खेड्यात अपस्माराने निधन झाले. वय अवघे ३२. जपानशी लढणाऱ्या सैन्याच्या बेथून रुग्णालयाचे ते प्रमुख होते. सर्जरीवरचे पाठ्यपुस्तक लिहिणे चालू होते. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

१९३८ मध्ये त्यांच्यासह पाच डॉक्टरांचे पथक काँग्रेसने चीनला पाठवले, तेव्हा भारत स्वतःच पारतंत्र्यात होता. साम्राज्यवादाने पोळलेल्या दोन देशांना ते दुःख जवळ आणणारे ठरले. पुढे तेच दुःख आडवे आले. इंग्रजी अमदानीतली मॅकमहोन रेषा चीनला लादलेली वाटते, तर भारताच्या लेखी तीच हक्काची सीमा. शिवाय १९६२ च्या युद्धाची जखम आपल्याकडे अजून ओली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग दिल्लीत कोटणीसांच्या वयोवृद्ध भगिनीला आदराने भेटले. त्याच दिवसांत लडाखमधील चुमार येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली होती. तो आदर खोटा नव्हता, पण सीमेवर त्याचा उपयोग झाला नाही.

२००७ मध्ये सुरू झालेला 'हँड इन हँड' हा भारत-चीनचा दहशतवादविरोधी संयुक्त सराव डिसेंबर २०१९ मध्ये मेघालयातील उमरोईत झाला. कोटणीसांची पुण्यतिथी त्याच काळात आली. जून २०२० मध्ये लडाखमधील गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० भारतीय जवान धारातीर्थी पडले आणि सराव थांबला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांत जे ठरले, ते सीमेवरच्या गस्तीपुरते.