भास्कराचार्यांची बीजभाषा: ‘या’, ‘रू’ आणि एक बिंदू

एकाजवळ ६ घोडे व ३०० नाणी. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचे ऋण. घोडे सारख्याच किमतीचे आणि दोघांची संपत्ती समान. तर एका घोड्याची किंमत किती? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील (सुमारे इ.स. ११५०) हे प्रसिद्ध उदाहरण. उत्तराहून त्याची मांडणी अधिक रंजक आहे:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या १०० च्या डोक्यावर एक बिंदू देत. बिंदू म्हणजे ऋण.

‘या’ हे ‘यावत्तावत्’चे आद्याक्षर. अर्थ, जितके असेल तितके. म्हणजेच अज्ञात राशी. ‘रू’ म्हणजे रूप, ज्ञात संख्या. अज्ञात एकाहून अधिक असतील तर त्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लिहिताना का, नी, पी. वर्गाला ‘व’, घनाला ‘घ’, दोन अज्ञातांच्या गुणाकाराला ‘भा’ (भावित). आज संगणकाला सूत्र लिहून देणारा विद्यार्थी ज्यांना चल, स्थिरांक व क्रिया म्हणतो, ती सारी येथे अक्षररूपाने हजर आहेत.

आता या भाषेचे व्याकरण पाहा. बेरजेला चिन्हच नाही. पदे शेजारी ठेवली की बेरीज झाली. बरोबरीचे चिन्हही नाही. एक पक्ष वर, दुसरा खाली. (युरोपात रॉबर्ट रेकॉर्डने दोन समांतर रेघा छापल्या त्या १५५७ मध्ये.) आणि खरी मेख पुढे आहे. एखादे पद नसेल तरी त्याची जागा रिकामी सोडायची नाही, तेथे शून्य लिहायचे. नवव्या शतकातील पृथूदकस्वामींच्या टीकेत अशीच मांडणी आढळते:

याव ० या १० रू ८ (८ वर बिंदू)
याव १ या ० रू १

त्यामुळे सजातीय पद नेहमी सजातीयाखालीच येते आणि वजाबाकी स्तंभागणिक, जवळजवळ यांत्रिकपणे होते. घोड्यांच्या उदाहरणात १० मधून ६ गेले, ४ ‘या’ उरले; ३०० मधून ऋण १०० वजा केले, ४०० झाले. किंमत १००.

ही पद्धत एकट्या भास्कराचार्यांची नव्हे. अज्ञातांना ‘वर्ण’ म्हणणे ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात (६२८) आधीच आहे. पण तिच्यात एक नाजूक जागा होती. हस्तलिखिताची नक्कल करताना तो चिमुकला बिंदू सुटला, की कर्जाचे धन झाले, आणि अर्थ लावणारा जाणकार जवळ नसेल तर चूक उमगायची कशी? अशी भाषा पोथीइतकीच गुरुमुखावर जगते.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचे मुख्य ज्योतिषी, यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. लेख संस्कृतात आहे. मात्र मठाला मिळणाऱ्या करांचा तपशील सांगणाऱ्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. श्लोक पंडितांसाठी, करभार देणाऱ्यांशी बोलायचे, तर त्यांच्याच भाषेत.