रीमर आणि रीमिंग

ड्रिलने पाडलेले भोक नेमक्या मापाला आणणारे आणि त्याची आतली भिंत गुळगुळीत करणारे अनेक धारांचे हत्यार म्हणजे रीमर. ड्रिलचे भोक सहसा ड्रिलपेक्षा किंचित मोठे आणि खरखरीत येते. डॉवेल पिन किंवा बुश बसवायला ते चालत नाही. 10 मिमी. भोकाला एच7 टॉलरन्स असेल, तर व्यास 10.000 ते 10.015 मिमी.मध्येच हवा. अशा भोकासाठी आधी साधारण 9.8 मिमी.चे ड्रिल मारून उरलेला धातू रीमरने काढतात.

हा उरलेला धातू फार कमी ठेवणेही घातकच. मग धारा कापत नाहीत, नुसत्या घासतात. रीमर तापतो आणि लवकर बोथट होतो. जास्त ठेवला तर खाचांत कीस तुंबतो आणि भिंतीवर ओरखडे उठतात.

रीमर माप देतो, जागा देत नाही. तो आधीच्या भोकाच्या मागोमाग जातो, म्हणून ड्रिल सरकले असेल तर रीमिंगचे भोकही सरकलेलेच राहते. केंद्र अचूक हवे असेल तिथे रीमिंगआधी बोअरिंग करावे. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि जॉब वाया जातो.

मशीन रीमरचे कापण्याचे काम मुख्यतः टोकाच्या तिरप्या धारा करतात. त्याचा वेग ड्रिलच्या सुमारे निम्मा आणि फीड मात्र दुप्पट-तिप्पट ठेवतात. कूलंट भरपूर हवे. ओतीव लोखंड पुष्कळदा कोरडेच रीम करतात. आरपार भोकासाठी डाव्या पिळाचा रीमर घेतात, तो कीस पुढे ढकलतो. बंद भोकात उजवा पीळ कीस बाहेर काढतो. चॅटर टाळण्यासाठी पुष्कळ रीमरांच्या धारांमधले अंतर मुद्दाम असमान ठेवलेले असते.

हँड रीमरच्या मागच्या टोकाला रेंचसाठी चौकोन असतो आणि पुढचा भाग लांबवर निमुळता असतो, म्हणून तो भोकात सरळ शिरतो. कोणताही रीमर उलटा फिरवू नये. बाहेर काढतानाही सुलटाच फिरवावा, नाहीतर अडकलेल्या किसाने धार तुटते.

टेपर पिनसाठीच्या रीमरचा उतार 1:50 असतो. जोडायचे दोन्ही भाग एकत्र घट्ट धरूनच हे रीमिंग करतात आणि पिन अधूनमधून बसवून खोली तपासतात. सरळ भोकाची तपासणी गो-नोगो प्लग गेजने होते. त्याआधी भोक पुसून थंड होऊ द्यावे.