चिमूटभर माती

आमच्या शेजारची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी निवड झाली तेव्हा पेढे घेऊन आली. मी पडलो बी. ए. झालेला माणूस, त्यातून कविता करणारा. विचारलं, ''जंतू शोधायला इतक्या लांब कशाला जायचं, बेटा?'' ती हसून म्हणाली, ''चाचा, तिथं जगणं अवघड आहे ना, म्हणूनच. जे तिथं जगतात, ते कसे जगतात ते बघायचंय.''

मला माझी शाळा आठवली. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. बातमी आली तेव्हा गुरुजींनी वर्गातला पृथ्वीचा गोल उलटा धरला. तो खंड खिळ्याखाली झाकला गेला होता!

डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया होत्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत. पंत नागपूरच्या जन्माच्या. पुण्यात शिकत असताना ॲलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि त्यांची वाट ठरली. पुढचं शिक्षण हवाई आणि लंडनला झालं. अभ्यासाचा विषय होता समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वनस्पतींवर समुद्रातल्या बहुतेक जिवांचं पोट अवलंबून असतं.

जमिनीवरच्या जंतूंचा शोध हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी घेतला. आपलं 'मैत्री' केंद्र १९८९ पासून ज्या शिर्माकर परिसरात उभं आहे, तिथल्या मातीतून डॉ. एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी शोधलेला एक नवा जीवाणू १९९२ मध्ये जगापुढे आला. त्याच्या नावातच अंटार्क्टिका आहे. असे जंतू थंडीत गोठत कसे नाहीत? शेजारच्या मुलीनं मला स्वयंपाकघरातला दाखला दिला. हिवाळ्यात खोबरेल थिजतं, गोडं तेल थिजत नाही. या जंतूंच्या पेशीचं आवरण गोड्या तेलासारख्या, सहसा न थिजणाऱ्या स्निग्धांशाचं असतं.

मग तिची तयारी सुरू झाली. वैद्यकीय तपासण्या झाल्या, औलीच्या बर्फातलं प्रशिक्षण झालं. पण तिला धास्ती वेगळीच होती. आपल्या हातावरचे, श्वासातले जंतू नमुन्यात मिसळले तर? मग आपलेच जंतू अंटार्क्टिकाचे म्हणून जगाला दाखवायचे! जाड हातमोजे घालून निर्जंतुक बाटली उघडायची, भरायची, मिटायची, हा सराव ती घरी गच्चीवर कितीदा करत होती.

निघायच्या आदल्या दिवशी तिच्या आईनं अंगणातली चिमूटभर माती पुडीत बांधून दिली. मुलीनं ती हळूच परत ठेवली. आईला वाईट वाटलं. मुलगी म्हणाली, ''आई, या चिमटीत कोट्यवधी जीव आहेत. त्यांना तिथं सोडायचा मला हक्क नाही.'' १९९१ साली माद्रिदमध्ये झालेला आणि १९९८ पासून लागू असलेला पर्यावरणविषयक करार हेच सांगतो: निर्जंतुक न केलेली माती शक्यतो तिथं नेऊ नये. माणसं जिथं गेली तिथं आपली बी-बियाणी, गुरं आणि रोगराई घेऊन गेली, हा आपला इतिहास. निदान एका खंडाबाबत तरी माणसाला वेळेवर शहाणपण सुचलं.

तिच्या सामानात एक बाटली मात्र रिकामीच राहायची होती. तिथं ती फक्त उघडायची, मिटायची आणि परत आणायची. त्या बाटलीत काही सापडलं, तर ते आपणच नेलेलं, हे ओळखायचं. स्वतःला तपासायची अशी रिकामी बाटली आम्हा कवींनाही हवी होती, असं मला वाटून गेलं.

आईनं ती पुडी तुळशीत रिकामी केली आणि म्हणाली, ''परत ये, मग इथंच पाय ठेव.''

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)