जुन्या गीतांचे कराओके गायन

जुन्या गीतांचे कराओके गायन म्हणजे पूर्वी लोकप्रिय झालेली चित्रपटगीते, भावगीते किंवा सुगम गीते ध्वनिमुद्रित साथसंगीतावर हौसेने गाण्याची पद्धत. कराओकेचा उगम जपानमध्ये झाला. तेथे मध्यमवयीन व ज्येष्ठ गायकांमध्ये तरुणपणी ऐकलेली गीते गाण्याची प्रथा रूढ आहे. महाराष्ट्रात हीच पद्धत प्रामुख्याने १९५० ते १९८० या दशकांतील हिंदी चित्रपटगीतांच्या व मराठी भावगीतांच्या आधारे रुजली.

== व्युत्पत्ती ==
‘कराओके’ हा जपानी शब्द ‘कारा’ (रिकामा) आणि ‘ओकेसुतोरा’ (वाद्यवृंद) या दोन शब्दांच्या संक्षेपातून बनला आहे. गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यवृंद ऐकू येतो, असा त्याचा आशय आहे. मराठीत अशा ध्वनिमुद्रणास सामान्यतः ‘ट्रॅक’ म्हणतात.

== जपानमधील उगम ==
कराओके यंत्राच्या शोधाचे श्रेय एकाहून अधिक व्यक्तींना दिले जाते. शिगेइची नेगिशी यांनी १९६७ मध्ये ‘स्पार्को बॉक्स’ हे यंत्र तयार केले. कोबे येथील मद्यगृहांत ग्राहकांच्या गायनाला साथ करणारे वादक दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये ‘८ ज्यूक’ हे यंत्र बनवले. सहलीला निघालेल्या एका नेहमीच्या ग्राहकाने त्यांची साथ मागितली. स्वतः जाणे शक्य नसल्याने इनोउए यांनी साथसंगीत फितीवर ध्वनिमुद्रित करून दिले, आणि त्यातून यंत्राची कल्पना पुढे आली. त्यांनी या यंत्राचे एकस्व घेतले नाही. २००४ मध्ये त्यांना इग नोबेल शांतता पुरस्कार देण्यात आला. फिलिपाइन्समध्ये रोबेर्तो देल रोसारिओ यांनी १९७० च्या दशकात अशाच स्वरूपाचे यंत्र विकसित करून पुढे त्याची एकस्वे मिळवली.

१९८० च्या दशकात पडद्यावर गीताचे शब्द दाखवणारी यंत्रे प्रचारात आली. त्याच दशकात लहान गटाला स्वतंत्र खोली भाड्याने देणारे ‘कराओके बॉक्स’ सुरू झाले. त्यामुळे अनोळखी लोकांसमोर गाण्याचा संकोच दूर झाला आणि कुटुंबे व स्त्रियाही या छंदाकडे वळल्या.

== नात्सुमेरो ==
स्मरणरंजन घडवणाऱ्या जुन्या गीतांना जपानीत ‘नात्सुमेरो’ म्हणतात. ‘नात्सुकाशी’ (आठवणीने हुरहूर लावणारे) या शब्दाला ‘मेलडी’ हा इंग्रजी शब्द जोडून ही संज्ञा बनली. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १९६९ मध्ये ‘ओमोइदे नो मेरोदी’ हा जुन्या गीतांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला.

या गीतांत ‘कायोक्योकु’ ही लोकप्रिय गीते आणि विरह, गाव व प्रवास यांभोवती फिरणारी ‘एन्का’ गीते यांचा समावेश होतो. क्यू साकामोतो यांचे ‘उए ओ मुइते आरुको’ (१९६१) हे गीत १९६३ मध्ये ‘सुकियाकी’ या नावाने अमेरिकेतील विक्रमसूचीत पहिल्या स्थानी पोहोचले. ‘गिन्झा नो कोइ नो मोनोगातारी’ (१९६१) हे युगुलगीत, सायुरी इशिकावा यांचे ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’ (१९७७) आणि हिबारी मिसोरा यांचे ‘कावा नो नागारे नो यो नि’ (१९८९) ही कराओकेत वारंवार गायली जाणारी गीते आहेत.

== महाराष्ट्रातील पार्श्वभूमी ==
महाराष्ट्रातील मध्यमवयीन गायकांचा सामायिक गीतसंग्रह मुख्यतः नभोवाणीने घडवला. रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्ये, तर आकाशवाणीची ‘विविध भारती’ सेवा १९५७ मध्ये सुरू झाली. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ने सुगम गायन घरोघरी पोहोचवले. पुढे ध्वनिफितींमुळे आवडीचे गीत पुन्हा पुन्हा ऐकून पाठ करणे शक्य झाले. लता मंगेशकर, आशा भोसले, मोहम्मद रफी, किशोर कुमार, मुकेश, सुधीर फडके, सुमन कल्याणपूर व अरुण दाते यांची गीते या संग्रहाच्या केंद्रस्थानी आहेत.

कराओकेपूर्वी हौशी गायकाला मंचावर गाण्यासाठी वाद्यवृंद लागे. गणेशोत्सवात व स्नेहसंमेलनांत ‘ऑर्केस्ट्रा’ होत. परंतु वादकांचे मानधन व तालमींचा खर्च सामान्य गायकाच्या आवाक्याबाहेरचा होता. संगणक, भ्रमणध्वनी आणि स्म्यूल, स्टारमेकर यांसारख्या ॲपमुळे हा अडसर मोठ्या प्रमाणात दूर झाला.

== गायनपद्धती ==
हिंदी चित्रपटगीतांत मुखडा व अंतऱ्यांच्या मधील वाद्यसंगीताला विशेष महत्त्व असते. त्याच्या रचनेत अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांसारख्या गोमंतकीय संगीत संयोजकांचा मोठा वाटा होता. कराओके गायकाला हे तुकडे मात्रांसह लक्षात ठेवावे लागतात. गायक चुकल्यास वादक ठेका सांभाळून घेतो किंवा मुखडा पुन्हा वाजवतो. ट्रॅक मात्र थांबत नाही. पारंपरिक साथसंगतीत वादक गायकाच्या मागे जातो, तर कराओकेत गायकाला संगीतामागे जावे लागते.

जुन्या गीतांचे ट्रॅक दोन प्रकारे तयार होतात. पहिल्या प्रकारात वादकांकडून संपूर्ण संगीत नव्याने वाजवून घेतले जाते. दुसऱ्या प्रकारात मूळ ध्वनिमुद्रणातून आवाज वेगळा केला जातो. दोन वाहिन्यांच्या मुद्रणात दोन्हींकडे समान असलेला आवाज वजा करण्याचे तंत्र एकवाहिनी मुद्रणाला लागू पडत नाही. त्यामुळे १९५० च्या दशकातील गीतांसाठी दीर्घकाळ पुनर्वादनाचाच आधार होता. अलीकडच्या संगणकीय तंत्राने एकवाहिनी मुद्रणातूनही आवाज वेगळा करता येतो.

=== पट्टीचा प्रश्न ===
पार्श्वगायकांची अनेक गीते उंच पट्टीतील आहेत. वयानुसार स्वरतंतूंची लवचीकता कमी होते आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज सहसा काहीसा खाली उतरतो. त्यामुळे तरुणपणी सहज गायलेले गीत मूळ पट्टीत गाताना आवाज ताणला जातो. अशा वेळी ट्रॅकची पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवतात. पट्टी फार बदलल्यास वाद्यांचा नाद कृत्रिम वाटू लागतो. युगुलगीतांत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण स्त्री व पुरुष या दोघांनाही पेलेल अशी एकच पट्टी निवडावी लागते.

== पूर्व विदर्भ ==
गोंदिया जिल्ह्याला मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमा लागून आहेत. येथे मराठीबरोबर हिंदी व पोवारी या भाषाही बोलल्या जातात. गोंदिया तालुक्यातील कामठ्यासारख्या गावात कराओकेसाठी जपानप्रमाणे स्वतंत्र खोली लागत नाही. भ्रमणध्वनी, ध्वनिवर्धक व मायक्रोफोन एवढी साधने पुरतात.

याच भागात जिवंत साथसंगतीची परंपराही आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतरच्या मंडईच्या हंगामात रात्रभर नाटके होतात. देसाईगंज (वडसा) हे या नाट्यमंडळींचे प्रमुख केंद्र आहे. या नाटकांतील गायनाला मंचाजवळ बसलेले वादक साथ करतात. झाडीपट्टीतील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

== वादकांवरील परिणाम ==
कराओकेमुळे गायकांची संख्या वाढली, परंतु साथीदारांची गरज घटली. जपानमध्ये मद्यगृहांतून गिटार किंवा ॲकॉर्डियन घेऊन फिरणाऱ्या ‘नागाशी’ वादकांचा व्यवसाय कराओकेच्या प्रसारानंतर ओसरला. महाराष्ट्रातही लहान समारंभांत वाद्यवृंदाची जागा ट्रॅक घेऊ शकतो. ज्या गीतांच्या आठवणीवर हा छंद उभा आहे, त्यांची ओळख वादकांच्या कामगिरीतूनच घडली होती. कराओकेचे यंत्र घडवणारे इनोउए हे स्वतः साथीदारच होते.

== कायदेशीर स्थिती ==
भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार गीताचे शब्द, संगीतरचना व ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात. सामान्यतः शब्द व संगीत यांना निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. उदाहरणार्थ, ‘मुघल-ए-आझम’च्या १९६० मध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणांची मुदत २०२० च्या अखेरीस संपली, परंतु गीतकार शकील बदायुनी यांचे १९७० मध्ये आणि संगीतकार नौशाद यांचे २००६ मध्ये निधन झाल्याने शब्दांचे हक्क २०३० अखेरपर्यंत व संगीताचे २०६६ अखेरपर्यंत टिकतात.

हौशी मंडळाने विनाशुल्क प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेल्या सादरीकरणास कलम ५२ नुसार सवलत आहे. ही सवलत साहित्य, नाट्य व संगीत कृतींच्या सादरीकरणाबाबत आहे. नव्याने वाजवलेला ट्रॅक हे स्वतंत्र ध्वनिमुद्रण असल्याने त्याचे हक्क निराळे असतात.

== हेही पहा ==
* भावगीत
* झाडीपट्टी रंगभूमी
* विविध भारती
* एन्का