दिंडी आणि टोचणी : थोडा इतिहास, थोडी कबुली



मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. धान लावतो आणि कीर्तन करतो. दिंडीला शंभर वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काही जुनं लिहा, असं मंडळींनी सांगितलं. दिंडी कोणी काढली, वीणा कोणाकडून कोणाकडे आली, हे बाकीचे लिहितीलच. मी टोचणीबद्दल लिहितो. तुम्ही म्हणाल, महाराज, वारीचा अन् सुईचा काय संबंध? संबंध आहे.

माझा आजा या दिंडीत वीणेकरी होता. त्या काळी वारीत पटकीची फार भीती. लाखो माणसं एका जागी, पाणी सगळ्यांचं एकच. एकाला ढाळ-ओकारी लागली की रोग पसरायला वेळ लागत नसे. म्हणून सरकारनं यात्रेकरूंना पटकीची सुई टोचणं सुरू केलं. टोचल्याचा दाखला असल्याशिवाय पंढरीत जाऊ देत नव्हते, असं आजा सांगायचा. "दंड सुजला, रातभर ताप आला. पण दुसऱ्या दिवशी चाललोच ना गा!" असं म्हणून हसायचा.

मी लहान होतो तेव्हा गावात देवी काढणारा यायचा. तेव्हा आपला जिल्हा चांदाच होता. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. देवीचा रोग म्हणजे माता, तिला सुई दाखवली तर ती कोपेल, असं बायांना वाटे. देवी काढणारा दिसला की लेकरं धानाच्या कोठीमागं लपवत. एकदा आज्यानं मला हाताला धरून मारुतीच्या पारावर नेलं. माझी बाही वर केली अन् म्हणाला, "माझ्या नातवाला पहिलं." मी लई बोंबललो. पण मागून एकेक लेकरू आलं. तो वण माझ्या दंडावर अजून आहे. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही, आणि १९८० साली जगातूनच हा रोग गेल्याचं जाहीर झालं.

आज्याला अक्षर येत नव्हतं. तरी लोकांनी त्याचं ऐकलं. त्यानं सुई आधी स्वतः घेतली होती. घरचं लेकरू पहिलं पुढं केलं. आणि ताप येतो, दंड सुजतो, हे झाकून ठेवलं नाही.

मागं नातवानं मला प्लेगचा इतिहास वाचून दाखवला. १८९७ साल. मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पटकीची लसही यानंच आधी काढली होती. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाचे गोरे सोजीर रोगी शोधायला घरात, देवघरात शिरले. लोक आजारी माणसं लपवू लागले. लोकांचा संताप इतका वाढला की २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. अन् त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात गेल्या. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग एकच, साल एकच. कोणाच्या मागं माणूस आपल्या पायानं गेला असता, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या जिल्ह्यातही असं उदाहरण आहे. धानोरा रोडनं चातगावच्या बाजूला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचं शोधग्राम आहे. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासी बांधवांना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे पाहून मढ्यावरचं कापड आठवतं, असं लोकांनी सांगितलं. मग गावातल्या घरांसारखा दवाखाना बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. आधी ऐकलं, मग सांगितलं.

आता माझी कबुली. कोरोनात, २०२० आणि २०२१ ला, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आपली दिंडी घरीच राहिली. १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस सुरू झाली. आपला एक मृदंगी, माझ्याहून थोरला, नाव लिहीत नाही, माझ्या अंगणात आला. म्हणाला, "महाराज, सुईनं माणूस मरते म्हणतात. घेऊ का नाई?" मला स्वतःलाच भीती वाटत होती. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "पांडुरंग पाहून घेईल," एवढंच बोललो. एप्रिलमध्ये तो गेला. ना भजन, ना खांदा. सुई घेतली असती तर वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. पण त्यानं मला विचारलं होतं, आणि मी देवाचं नाव पुढं करून माझी भीती झाकली.

पुढं गावची आशाताई घरी आली. तिनं उपदेश केला नाही. "बाबाजी, तुम्हाला कशाची भीती वाटते?" असं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, ताप येईल, अंग दुखेल, एक-दोन दिवसांत उतरेल. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसवतात. लस घेऊनही कोरोना होऊ शकतो, पण जिवाचा धोका फार कमी होतो. मला आजाच बोलतो आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी चार लोकांसमोर सुई घेतली. ताप आला. महाराज जिवंत आहेत का, हे लोक दोन दिवस दारातून पाहून जात होते. तिसऱ्या दिवशी पारावर दूर दूर बसवून सगळं सांगितलं, मृदंग्याचंही. त्यातले काही माझ्यासोबत केंद्रावर आले.

वीणा गळ्यात घेणाऱ्या पुढच्या मंडळींना हात जोडून एकच मागणं आहे. गोवराची असो, पोलिओची असो, लेकराच्या लसीबद्दल कोणी माय विचारायला आली तर तिला हसू नका, दटावू नका. माहीत नसेल तर नर्सबाईला विचारून या. आपलं न कळणं विठ्ठलाच्या माथी मारू नका. मी मारलं, म्हणून सांगतो.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!