बालकांच्या घराचें दार

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाची, वेदीची आणि घंटेची कथा इतर लेखक सांगतीलच. आम्हीं मात्र एका लहानशा विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे. आईबाप कामाला गेले असतां त्यांच्या लेंकरांना दिवसभर संभाळणारें जें घर, ज्याला कोणी पाळणाघर म्हणतात, कोणी बालवाडी म्हणतात, त्याचा हा थोडासा इतिहास आहे. विषय लहान खरा. पण ज्या धर्माचा आरंभच एका बाळाच्या गव्हाणीपाशीं झाला, त्या धर्माच्या लोकांस तो परका वाटूं नये.

पूर्वीं आपल्याकडे असें निराळें घर कोणास लागत नसे. आई वाडींत किंवा बाजाराला गेली तर आजी ओटीवर बसलेली असे. आजी नसली तर शेजारीण आपल्या मुलाबरोबर तिच्याही मुलाला पेज भरवी. बाप्तिस्मा असो, लग्न असो, कीं कोणाच्या घरचें मरण असो, मुलें कोणाच्या ओटीवर निजलीं याची चौकशी कोणी करीत नसे. पुढें शहरें वाढलीं, गिरण्या उभ्या राहिल्या, एका खोलींत एक कुटुंब राहूं लागलें, आणि ती ओटी नाहींशी झाली. आई कामावर गेली कीं मूल दाराच्या आंत कोंडलेलें, नाहीं तर दाराबाहेर मोकाट. ही अडचण आपल्या आधीं युरोपांतील शहरांस आली, म्हणून आमच्या कथेचा आरंभही तेथूनच करणें प्राप्त आहे.

फ्रेंच भाषेंत गव्हाणीला 'क्रेश' म्हणतात. नाताळांत आपण देवळांत गवत पसरून गोठा मांडतों, त्यांतील बाळ येशूच्या निजण्याच्या जागेचें हें नांव. इ. स. १८४४ च्या नोव्हेंबरांत पॅरिस शहराच्या शायो भागांत फिर्मं मार्बो नांवाच्या गृहस्थानें मोलमजुरीला जाणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांकरितां एक घर उघडलें, आणि त्याला हेंच नांव दिलें. आई सकाळीं मूल ठेवून जाई, मध्यें येऊन त्याला पाजी, आणि संध्याकाळीं कडेवर घेऊन घरीं परते. आज आपल्या शहरांतील पाट्यांवर 'क्रेश' हा शब्द वाचतांना तो बेथलेहेमच्या गोठ्यांतून आलेला आहे याची आठवण फार थोड्यांना असते.

मार्बो यांच्या घराला अटी होत्या. आई गरीब असावी, ती बाहेर कामाला जाणारी असावी, आणि तिची वर्तणूक चांगली असावी. पहिल्या दोन अटी कोणालाही पटतील. तिसरी अट मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथेंत ती निरनिराळ्या वेषांनीं आपल्याला भेटणार आहे. आईची वर्तणूक वाईट ठरली तर दार बंद होई तें पाळण्यांतल्या बाळाला.

आतां आपण रोम शहराकडे वळूं. तेथें सान लोरेंझो नांवाचा एक भाग आहे. इ. स. १८८० नंतरच्या दशकांत त्या बाजूस घरबांधणीचा मोठा सट्टा झाला. मग पैसा आटला, चाळी अर्धवट उभ्या राहिल्या, आणि त्यांत निराधार कुटुंबें दाटीनें शिरलीं. पुढें घरांच्या मिळकती घेणाऱ्या एका कंपनीनें त्या चाळी दुरुस्त केल्या, आंत उजेड आणिला, अंगणांत झाडें लाविलीं. तरी एक गोष्ट साधेना. आईबाप पहांटेपासून कामावर, आणि शाळेच्या वयाला न पोंचलेलीं मुलें दिवसभर जिन्यांत एकटीं. नव्या भिंतींवर रेघोट्या उठूं लागल्या, जिने खराब होऊं लागले. तेव्हां कंपनीचे संचालक एदोआर्दो तालामो यांनीं असा हिशेब मांडला कीं, भिंती पुन्हां पुन्हां रंगविण्याचा जो खर्च, तो वांचवून त्यांतच मुलांसाठीं एक खोली व एक बाई ठेवितां येईल.

आम्ही हें झांकून ठेवीत नाहीं. सत्कार्याचा झरा नेहमीं निर्मळ खडकांतूनच फुटतो असें नाहीं. या घराचा पाया एका वहीखात्यावर पडला. पण हें काम ज्यांच्या हातीं सोंपविलें, त्या मरिया माँटेसोरी यांनीं त्या हिशेबाच्या पलीकडचें पाहिलें. त्या जन्मानें कॅथलिक, इ. स. १८९६ मध्यें रोमच्या विद्यापीठांतून वैद्यकीय पदवी घेतलेल्या, आणि मंदबुद्धि म्हणून टाकून दिलेल्या मुलांना शिकविण्याचा अनुभव असलेल्या होत्या. इ. स. १९०७ च्या जानेवारीच्या ६ तारखेस, म्हणजे आपल्या तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील ५८ क्रमांकाच्या चाळींत पन्नासाहून अधिक मुलांचें तें घर उघडलें. त्या दिवसाच्या मिस्सेंतील यशया प्रवक्त्याचें वाचन आपल्या मनांत घोळत होतें, असें बाईंनीं पुढें लिहून ठेविलें आहे. घराचें नांव पडलें 'कासा देई बाम्बीनी', म्हणजे बालकांचें घर.

या घराची मांडणी शाळेहून वेगळी होती. तें चाळींतच होतें, आणि मुलांना संभाळणारी बाईही चाळींतच बिऱ्हाड करून राही. त्यामुळें कामावरून परतणाऱ्या आईला दारांतून डोकावून आपलें मूल काय करतें तें पाहतां येई. भिंतीवर नियम लाविले होते. आईबापांनीं पैसा द्यावयाचा नव्हता. मूल वेळेवर, स्वच्छ अंगानें व स्वच्छ कपड्यांनीं पाठवावयाचें, बाईशीं आदरानें वागावयाचें, आणि आईनें आठवड्यांतून एकदां तरी येऊन बाईशीं मुलाविषयीं बोलावयाचें. हें घर चाळींतील सर्वांची सामायिक मालमत्ता आहे, असें त्यांस सांगण्यांत आलें होतें.

तेथील कौटुंबिक प्रसंग बाईंनीं वर्णिले आहेत, त्यांतील कांहीं आम्ही सांगतों. एके दिवशीं त्यांनीं मुलांना नाक कसें शिंकरावें तें शांतपणें करून दाखविलें. रुमाल आवाज न करितां, कोणाच्या लक्षांत न येतां कसा वापरावा एवढाच तो पाठ. संपतांच मुलांनीं टाळ्यांचा गजर केला. शेंबड्या म्हणून ज्यांना सदां टोंचून बोलावयाचें, त्यांना प्रथमच कोणी अपमान न करितां शिकविलें होतें. पुढें दोन-तीन आया बाईंकडे आल्या. त्यांना स्वतःला लिहितां-वाचतां येत नव्हतें. आमच्या मुलांना मात्र तें शिकवा, अशी त्यांची विनंती होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, ऊन पडलें असतां मुलें गच्चीवर बसलीं होतीं. बाईंनीं एका मुलाला खडू देऊन धुराड्याचें चित्र काढावयास सांगितलें. चित्र झाल्यावर त्यानें आपण होऊन एक शब्द लिहिला, आणि आपल्याला लिहितां येतें या आनंदानें तो ओरडूं लागला. घरोघर मुलें जमिनीवर, दारांवर, पावाच्या कडांवर सुद्धां अक्षरें काढूं लागलीं, असें आया सांगत येऊं लागल्या. जेथें कोणाला सही करितां येत नव्हती, त्या बिऱ्हाडांत पहिलें अक्षर चार-पांच वर्षांच्या मुलाच्या हातून उमटलें.

आणखी एक प्रसंग असा. एकदां परदेशचे एक राजदूत घर पाहावयास आले, तों सुटीचा दिवस निघाला. पाहुणे परत फिरणार, इतक्यांत अंगणांत खेळणारीं मुलें म्हणालीं, आम्ही सारीं येथेंच आहों, आणि किल्ली दरवानापाशीं आहे. दार उघडण्यांत आलें, मुलें आंत जाऊन आपआपल्या कामाला लागलीं, आणि बाई नसतांना पाहुण्यांनीं सर्व पाहिलें. घर आपलें आहे हें त्या मुलांना नियमांच्या पाटीवरून कळलें नव्हतें. तें रोजच्या राहण्यांतून कळलें होतें. मुलें स्वच्छ राहूं लागलीं तशीं बिऱ्हाडेंही पालटलीं. खिडक्यांच्या कांचा पुसल्या गेल्या, आणि त्यांत फुलांच्या कुंड्या दिसूं लागल्या. ७ एप्रिल १९०७ रोजीं त्याच भागांत दुसरें घर उघडलें. तेथील भाषणांत बाईंनीं आपलें स्वप्न सांगितलें: पुढें अशा चाळींत रोग्यांसाठीं खोली असावी, सर्वांचें मिळून स्वयंपाकघर असावें, म्हणजे कष्टकरी आईचा भार चार घरें वांटून घेतील. आपल्या जुन्या ओटीचें हेंच नवें रूप, असें आम्हांस वाटतें.

पण त्याच पाटीवर आणखी एक कलम होतें. जें मूल न धुतां किंवा मळक्या कपड्यांत येईल, अथवा ज्याचे आईबाप बाईंचा मान राखणार नाहींत, त्याला घरांतून काढण्यांत येईल. नियमाचा हेतु वाईट नव्हता. पुष्कळ बिऱ्हाडांत तो फळासही आला. तरी पाहा, पॅरिसची ती तिसरी अट येथें पुन्हां उभी राहिली. जी आई आजारानें अंथरुणाला खिळली, जिचा नवरा दारूच्या पायीं भांडखोर झाला, तिच्याच मुलाला त्या घराची सर्वांत अधिक गरज. आणि दार बंद होण्याचा संभवही त्याच मुलाला अधिक. थोड्याच वर्षांत त्या कंपनीचा आणि माँटेसोरीबाईंचा संबंध तुटला. घर कंपनीचें होतें. बाईंच्या हातीं उरलें तें ज्ञान, आणि तें जगभर पसरलें.

यानंतरची घटना आपल्या धर्मभगिनींच्या मठांत घडली. २८ डिसेंबर १९०८ रोजीं, म्हणजे हेरोदानें मारिलेल्या निरपराध बालकांच्या सणाच्या दिवशीं, दक्षिण इटलींत मेस्सीना शहर भूकंपानें जमीनदोस्त झालें. ढिगाऱ्यांत एकटीं सांपडलेलीं सुमारें साठ मुलें रोमला आणण्यांत आलीं. त्यांचीं नांवेंही कोणाला ठाऊक नव्हतीं. तीं बोलत नसत, जेवत नसत, रात्रीं रडत उठत. व्हिया जुस्ती या रस्त्यावरील फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या भगिनींनीं त्यांना आपल्या मठांत घेतलें, आणि माँटेसोरीबाईंच्या पद्धतीचें घर तेथें चालविलें. बाग, फुलें, नीट मांडलेलें जेवणाचें टेबल आणि शांत वागणूक यांनीं तीं मुलें हळूहळू हंसूं-बोलूं लागलीं. या भगिनींचा संघ मूळ आपल्याच देशांतला. मदर मेरी ऑफ द पॅशन यांनीं तो उटकमंडच्या डोंगरांत सुरू केला, आणि पोप नववे पायस यांची त्यास अनुज्ञा मिळाली तीही ६ जानेवारीस, इ. स. १८७७ मध्यें. इ. स. २००२ मध्यें मदरांना धन्यवादित घोषित करण्यांत आलें. मेस्सीनाच्या मुलांना स्वच्छ करून वेळेवर आणणारी आई उरली नव्हती. तेथें अट घालावयाची कोणाला? म्हणून त्या मठाचें दार अटीवांचून उघडलें.

ही विद्या आपल्या भागांत आली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या हातून. दोघांनीं इ. स. १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला. माँटेसोरीबाई स्वतः इ. स. १९३९ मध्यें मद्रासला आल्या, आणि महायुद्धामुळें इ. स. १९४६ पर्यंत हिंदुस्थानांतच राहिल्या. पण महागडीं साधनें आणि शहरी घरें खेड्यांतल्या गरिबांना कोठून मिळणार? हा प्रश्न मनांत घेऊन ताराबाई इ. स. १९४५ मध्यें समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हां ठाणे जिल्ह्यांत होतें. आज वसईप्रमाणेंच तेंही पालघर जिल्ह्यांत आहे.

तेथें बालवाडी उघडली, पण गरिबांचीं मुलें येईनात. अस्पृश्य गणलेल्या वस्तींतलीं तर मुळींच नाहींत. रोमच्या नियमानें पाहिलें तर तीं अपात्रच. न न्हालेलीं, उघडीं, वेळेचा पत्ता नसलेलीं. ताराबाईंनीं उलट विचार केला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें. बालवाडी उठून त्या वस्तीच्या अंगणांत गेली, म्हणून तिचें नांव पडलें अंगणवाडी. बायांनीं मुलांना तेथेंच न्हाऊं घातलें, केंस विंचरले, आणि शंख-शिंपले, बिया, पानें यांनींच मोजावयास शिकविलें. इ. स. १९५७ मध्यें हें काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेंकडीवर वारली लोकांत गेलें. तेथें गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरली. धाकट्या भावंडाला संभाळावयाचें म्हणून मोठी बहीण शाळेला येऊं शकत नव्हती. तेव्हां विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारांत आणण्यांत आलीं. एका कुटुंबाचीं सारीं मुलें एका वेळीं आंत आलीं.

सरकारनेंही हळूहळू ही जबाबदारी ओळखली. इ. स. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें, जेथें पन्नासाहून अधिक स्त्रिया काम करीत तेथें त्यांच्या मुलांसाठीं खोली ठेवणें मालकांस भाग पाडलें, इ. स. १९७६ मध्यें ती संख्या तिसावर आणिली. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांतील ३३ विभागांत बालविकासाची सरकारी योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना नांव मिळालें तें बोर्डीच्या त्या अंगणाचें. आज तें नांव देशभर खेडोपाडीं पोंचलें आहे.

प्रिय वाचकहो, या कथेंतून आम्हीं एवढेंच घेतलें. भिंती, साधनें व पैसा यांवांचून बालकांचें घर चालत नाहीं; पण त्या घराची खरी परीक्षा त्याच्या दाराशीं होते. प्रभूजवळ येणाऱ्या बालकांस शिष्यांनीं अडविलें, तेव्हां त्यानें बालकांस नव्हे, शिष्यांस दटाविलें. आणि त्या मुलांचीं तोंडें धुतलेलीं होतीं कीं नाहीं, हें शुभवर्तमानकारांनीं नोंदविलें नाहीं.

आजच्या उत्सवांत मुलांच्या शर्यती होतील, गाणीं होतील, खाऊ वांटला जाईल, आणि आपलीं न्हालेलीं-माखलेलीं लेंकरें पाहून आपल्याला धन्यता वाटेल. ती वाटावीच. पण संध्याकाळीं मंडप सोडण्यापूर्वीं प्रत्येकानें मनांत एकदां मोजदाद करावी कीं, आपल्या आळींतील कोणत्या घरचें मूल आज आलें नाहीं. आई आजारी असेल, कपडा नसेल, नाहीं तर कोणीं बोलाविलेंच नसेल. उद्यां त्या घरीं आपण जावें. तीन राजांनींही बाळाची वाट आपल्या राजवाड्यांत पाहिली नाहीं. ते उठून त्याच्या दारीं गेले.